वाटीखालचं माणिक

माणिक हिरवं झालं.

एकदम नाही. आधी ते काळवंडलं, दिवा लावायच्या आधी खोलीचा कोपरा काळवंडतो तसं. मग राखाडी झालं. आणि मग त्या राखाडीतून, कुणी बोलावलेलं नसताना, एक शेवाळी हिरवा रंग वर आला आणि ठाण मांडून बसला. तिच्या हातातली ज्योत अजून अंगठीभोवती फिरत होती. खड्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारी सोन्याची चार नखं, त्यातली दोन झिजलेली, आणि त्या दोन टोकांवर तिनं सांधायला ठेवलेले डाखाचे दोन कण. ते कण वितळले, लकाकले आणि थेंबासारखे नखांवर चढून बसले, जिथे बसायला हवे होते अगदी तिथेच. बारा वर्षांत तिच्या हातून इतका देखणा सांधा कधी जमला नव्हता. तिनं ज्योत बाजूला घेतली, गॅस बंद केला, चिमटा जागेवर ठेवला. हात आपलं काम शिस्तीत करत राहिले. बाकीची ती मात्र त्या हिरव्याकडे बघत बसली होती, आणि तिच्या मनात आलं ते इतकंच, की आता ताईला काय सांगायचं?

मग तिनं मातीची वाटी उचलली आणि अंगठीवर उपडी घातली. हे मात्र घाबरून केलं नव्हतं, हे ठरलेलं होतं. तापलेला खडा हळूहळू निवला पाहिजे, वाऱ्याची झुळूक लागली तरी तडकतो, एवढं तिला माहीत होतं. कोळशाच्या विटेवर अंगठी, वर वाटी, आणि अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. हे तिला शिकवलं होतं एका दाढीवाल्या माणसानं. तो कुठल्या गावचा, तिला ठाऊक नाही. फोनच्या पडद्यावर त्याचे फक्त हात आणि दाढीचं टोक दिसायचं. ‘माणिक आणि नीलम आगीला भीत नाहीत,’ दाढीचं टोक म्हणालं होतं, ‘सावकाश तापवा, सावकाश निवू द्या, डाख वाहावा म्हणून लावतो तो टाकणखार खड्याला लागू देऊ नका.’ हिरव्याबद्दल दाढी काही बोलली नव्हती. किंवा बोललीही असेल. ती सगळे व्हिडिओ पुढे ढकलत ढकलत बघते. तिचं सगळं शिक्षण असंच झालेलं आहे, पुढे ढकलत. जे ढकललं गेलं त्यात काय काय होतं, हे अधूनमधून असं समोर येऊन उभं राहतं.

तीन वाजले होते. ताई पाचला येणार होती.

वाटीच्या बुडाशी एक टवका उडालेला होता. ती त्या टवक्याकडे बघत राहिली. वाटी उचलली की दिसणारच होतं. म्हणजे आता ती वाटी उचलणार नव्हती हे उघड होतं. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या अर्धगोल खाचेत सांडलं होतं, आणि खाचेखाली ताणून बांधलेल्या चामड्याच्या झोळीत चांदीचा कीस मंद चमकत होता. भिंतीवर करवती, कानशी, हातोड्या ओळीनं टांगलेल्या. एका बाजूला तिची या महिन्याची कामं: ठोकून खडबडीत केलेल्या चांदीचं एक रुंद कडं, घासून गुळगुळीत न केलेल्या निळसर खड्याचं एक पदक, आणि एकमेकांशी जुळत नाहीत अशी कानातली. जुळत नाहीत हाच त्यांचा गुण. सुरुवातीला तिला दोन सारख्या गोष्टी करताच यायच्या नाहीत. एकाचं टोक डावीकडे जायचं, दुसऱ्याचं त्याला बघून उजवीकडे. मग एक बाई आली आणि म्हणाली, ‘किती जिवंत आहेत हो, दोन बहिणींसारखी!’ तेव्हापासून त्या चुका राहिल्या नाहीत, शैली झाली. आता तिला सारखं करता येतं, पण लोक मागत नाहीत. नवरा म्हणतो, ‘तुझं बरं आहे, माझ्या कचेरीत असं काही केलं तर मेमो मिळतो.’

पण ताईची अंगठी म्हणजे काही तिची शैली नव्हती. ती आईची अंगठी होती, कुणा जुन्या कारागिराच्या हातची; नखं अशी नाजूक वळवलेली की एखाद्या मुलीनं ओंजळीत पाणी धरावं. खडा काढून काम करायचं तर नखं मागे वाकवावी लागली असती, आणि ती इतकी झिजली होती की वाकवताच मोडली असती. मग चारही नवी करावी लागली असती, आणि ओंजळ तिची स्वतःची झाली असती, खडबडीत, जिवंत वगैरे. तिला ते नको होतं. या एका वस्तूवर आपला हात दिसायला नको, असं तिला मनापासून वाटलं होतं. म्हणून खडा होता तिथे ठेवून, आगीतून पार करायचं ठरवलं. चार दिवस विचार करून ठरवलं. मूर्खपणाला घाई लागते असं नाही.

चार दिवसांपूर्वी ताई या खोलीत पहिल्यांदा आली. तीन जिने चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती, आणि धाप लागलेली आहे हे दिसू नये म्हणून ती दारात उभं राहून टांगलेल्या हातोड्या मोजल्यासारखं करत होती. केस पांढरे झाले होते, रंगवायचे सोडून दिले असावेत. तिनं पर्समधून गोळ्यांची रिकामी डबी काढली, डबीतून कापसाचा बोळा, बोळ्यातून अंगठी. ‘नखं झिजलीत बहुतेक. टॉवेलचे धागे अडकतात गं त्यात. घाई नाही. शनिवारी पाचला मी इकडूनच जाणार आहे.’ एवढंच. चहा घेतेस का, तर नको, खाली रिक्षा थांबवलीय. जाता जाता मात्र कामाच्या टेबलावरून तिनं बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली चांदीची धूळ बघून म्हणाली, ‘पुसत नाहीस वाटतं?’ मोठ्या बहिणीला धूळ दिसली की धूळच दिसते, मग ती चांदीची का असेना.

ती गेल्यावर हिनं अंगठी भिंगाखाली धरली होती. पण लगेच धरवली नव्हती.

कारण ते पहिलं भिंग. अकरा वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर, दोघी आईचं कपाट आवरायला बसल्या तेव्हा हिच्या गळ्यात एक नवंकोरं भिंग लटकत होतं, काळ्या दोरीत ओवलेलं, डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीसारखं. चांदीकाम सुरू करून हिला वर्ष झालं होतं. त्या वयात माणूस सगळ्यांत हुशार असतो. आईनं सांगूनच ठेवलं होतं, बांगड्या आणि साखळी बारकीला, अंगठी मोठीला. बारकी म्हणजे ही; चाळीस ओलांडली तरी घरात बारकीच. तोलामापानं बघितलं तर हिच्या वाट्याला जास्तच आलं होतं. पण आईची अंगठी म्हणजे आईची अंगठी. आईनं ती कधी घातली नाही. कपाटाच्या आतल्या कप्प्यात, त्यातल्या डबीत, त्यातल्या रुमालात ती असायची, आणि वर्षातून एकदोनदा दुपारी आई ती काढून बोटात घालायची, उजेडात धरायची आणि परत ठेवायची. ‘खरं माणिक आहे,’ म्हणायची, ‘हरवलं तर?’ लहानपणी हिला वाटायचं, माणिक म्हणजे हरवण्यासाठीच केलेली वस्तू. त्या कपाटाचा वास तिच्या नाकात अजून आहे, कापूर आणि जुन्या लोकरीचा. ताईनं रुमाल सोडला, अंगठी बोटात घातली आणि ती बोटात अशी काही बसली की जणू माप देऊन केली होती. ताईचे डोळे भरून आले. आणि हिनं काय करावं? हिनं भिंग डोळ्याला लावलं, ताईचा हात धरून उजेडाकडे ओढला, आणि खड्याच्या आत एक गोल, चमकदार ठिपका बघून म्हणाली, ‘ताई, बुडबुडा आहे. काच आहे ही.’

पुस्तकात लिहिलेलं होतं, काचेत हवेचे बुडबुडे असतात. चूक झाली असेल तर ती अज्ञानानं झाली, असं तिनं स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण चूक होती तशी चूक व्हावी अशी इच्छाही होती, हे तिला पक्कं माहीत होतं. कारण ‘काच’ हा शब्द उच्चारताना जिभेला जी चव आली ती अजून आठवते, आंबटगोड. ताईनं अंगठी काढली नाही की परत बघितली नाही. ‘बरं,’ म्हणाली, आणि लोकरी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. त्या ‘बरं’वर अकरा वर्षं गेली.

भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. भांडण नव्हतंच. येणंजाणं होतं, पण बँकेत असावं तसं: काम असलं की, वेळेत, आणि नमस्कार करून. पंधरा दिवसांनी एक फोन. तोही ताईच करायची, आणि नेमकी भांडी घासताना करायची. खांद्यावर फोन धरून, नळ चालू, भांड्यांची आदळआपट, मधेच एक टक् असा बारीक आवाज, परत नळ. हिला त्याचा राग यायचा. माझ्याशी बोलायला हिला बसायचीही फुरसत नाही. मी म्हणजे खरकट्याबरोबर उरकायची गोष्ट. आणि ताई मधेच विचारायची, ‘ऐकतेयस ना गं?’ ही म्हणायची, ‘हो.’ ऐकत नसायची. ऐकत असायची ती नळाचं पाणी आणि ते टक्.

तर चार दिवसांपूर्वी, ताईची रिक्षा निघून गेल्यावर, तिनं अंगठी भिंगाखाली धरली. भिंग आता दुसरं होतं, चांगलं, आणि डोळाही दुसरा. खड्याच्या पोटाखाली साबणाचा पांढुरका थर घट्ट बसला होता. तो तिनं आधी कोमट पाण्यात मऊ ब्रशनं काढला, इकडे आणायच्या आधी ताईनं घाईनं धुतली असेल असं म्हणत. मग बघितलं. बुडबुडा तिथेच होता. पण तो बुडबुडा नव्हता. त्याला कडा होत्या. तो एक इवलासा स्फटिक होता, मोठ्या दगडाच्या पोटात अडकलेला लहान दगड, आणि त्याच्या आजूबाजूला तीन दिशांना जाणाऱ्या रेशमासारख्या बारीक सुया. काचेत असं काही नसतं. जमिनीच्या पोटात वाढलेल्या दगडातच असतं. तिनं भिंग खाली ठेवलं. तिला हसू आलं, मग ताईचं ते ‘बरं’ आठवलं. तेव्हाच फोन करायला हवा होता. पण तिला वाटलं, आधी काम चोख करावं, अंगठी तिच्या हातात द्यावी, आणि मग सहज बोलता बोलता सांगावं. चांगल्या कामाच्या आडोशाला उभं राहून वाईट गोष्ट सांगायला बरी पडते.

आणि आता वाटीखाली काय होतं? एक हिरवा दगड. अकरा वर्षांपूर्वी जिभेनं जे केलं ते आज हातानं पुरं केलं होतं. ‘ताई, ती काच नव्हती, पण आता आहे,’ असं वाक्य तिच्या मनात तयार झालं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण ते वाक्य चांगलं होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. ‘माणिक हिरवं झालं,’ म्हणाली.

‘हिरवं?’ तो म्हणाला. मागे कुणीतरी टाइप करत होतं. ‘मग पाचू झाला की. पाचू महाग असतो ना?’

‘ताईचं आहे.’

टाइपिंग थांबलं नाही, पण तो थांबला. ‘अरे बापरे,’ म्हणाला. आणि मग, ‘तुझ्या त्या जडाववाल्या काकांना विचार ना. समोरच तर बसतात.’

समोरच बसतात, हीच तर अडचण होती. रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ काउंटरच्या टोकाला बसतात. पन्नास वर्षं खडे बसवायचं काम केलं, त्यात डोळे गेले, आता जावयाच्या दुकानात बसून फुकटचा चष्मा वापरतात, असं ते स्वतःच सांगतात. पहिल्या वर्षी तिनं मोठ्या हौसेनं त्यांना आपलं एक पदक दाखवलं होतं. त्यांनी ते डोळ्याला चिकटवून सगळीकडून बघितलं, दोनदा फिरवलं, आणि म्हणाले, ‘हात आहे. हाताला वळण नाही.’ तिनं पदक उचललं आणि बारा वर्षं त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. चष्मा लागला तेव्हाही दोन बस बदलून लांबच्या दुकानात गेली. कुणाकडून शिकले नाही, असं ती लोकांना सांगते तेव्हा लोकांना त्यात कौतुक ऐकू येतं. तिलाही बऱ्याचदा तेच ऐकू येत असे. पण जिने उतरताना, कठड्याचं गार लोखंड हाताखालून सरकत असताना, त्यातलं दुसरं काहीतरी तिला ऐकू आलं. कुणाला विचारायचं नाही. ‘काच आहे’ म्हणायच्या आधीही तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

खाली शिंप्याच्या दुकानात मशीन धडधडत होतं. सिग्नलला गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांचे मागचे दिवे पेटलेले. लाल, लाल, लाल. माणकासारखे, म्हणायचं ती टाळत होती. सिग्नल बदलला आणि हिरवा दिवा लागला तेव्हा तिला त्याच्याकडे बघवेना. औषधांच्या दुकानाची हिरवी फुली, बसच्या पाटीची हिरवी पट्टी, एका बाईची हिरवी पिशवी. शहरात एवढं हिरवं आहे, आणि लोक म्हणतात झाडं राहिली नाहीत.

‘काका,’ ती काउंटरपाशी जाऊन म्हणाली. गेल्या बारा वर्षांची माफी एका वाक्यात मागायची की नाही, ते ठरेना, म्हणून सरळ विचारलं, ‘माणिक आगीत धरलं तर काय होतं?’

काकांनी मान वर केली. जाड भिंगांमागे डोळे माशांसारखे मोठे दिसत होते. ‘कुणाचं?’

‘म्हणजे?’

‘स्वतःचं असेल तर काही होत नाही. लोकांचं असेल तर घाम फुटतो.’

‘बहिणीचं आहे.’

‘मग आंघोळच.’ त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. ‘समोरची ना तू? तिसरा मजला. खिडकीत ज्योत दिसते तुझी. फार मोठी ठेवतेस.’

‘हिरवं झालंय, काका.’

त्यांनी चष्मा काढला. क्षणभर तिला वाटलं, ही वाईट बातमी सांगायची त्यांची पद्धत असेल. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, दुकानात गिऱ्हाईक असल्यासारखे.

‘रुसलं,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘माणिक रुसलं, म्हणायचो आम्ही. आग अंगाशी आली की रंग टाकून देतं. काळं, हिरवं, वाटेल तसं तोंड करतं. निवलं की आपलं आपण लाल. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पेढीवरून पळून गेलो होतो. दोन दिवस घरी तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी मालक घरी आले अंगठी घेऊन, लालबुंद. म्हणाले, ते हसलं, तू कधी हसणार?’

तिला काउंटरचा आधार घ्यावा लागला. काचेखाली चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी ओळीनं मांडलेल्या होत्या आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. सुटल्यावर माणसाला उडावंसं वाटतं म्हणतात. तिला तर तिथेच फरशीवर बसावंसं वाटलं.

‘पाणी नाही ना ओतलंस?’ काका आता चौकशीला लागले.

‘नाही.’

‘फुंकर?’

‘नाही. वाटी उपडी घातली.’

‘शहाणी. रुसलेल्याच्या मागे लागायचं नसतं. लगेच समजूत काढायला गेलं की तडकतं. झाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. पोटात काही आहे का खड्याच्या?’

‘एक कण आहे. आणि सुया.’

‘म्हणजे वेडी,’ काकांनी एका दमात पदवी बदलली. ‘कण असलेलं माणिक आगीत घालतात? कण फुगला असता तर दोन तुकडे झाले असते. किती वेळ ऊब दिलीस आधी?’

‘दहा मिनिटं. लांबून.’

‘हं.’ ही स्तुती होती, हे कळायला तिला जरा वेळ लागला.

‘काका, काच असती तर?’

‘काच?’ त्यांनी चष्मा परत नाकावर चढवला. ‘काच फुटली असती, नाहीतर मऊ होऊन बसली असती. काचेला रुसता येत नाही.’ आणि ती वळली तेव्हा मागून म्हणाले, ‘मी रोज इथेच असतो बरं का. जावई म्हणतो, तुमच्यावर धूळ साचते. येत जा. विचारायला डोळे लागत नाहीत, सांगायलाही लागत नाहीत.’

रस्ता ओलांडताना तिनं सिग्नलकडे बघितलं. हिरवा होता. असू दे. शिंप्याचं मशीन, जिन्यातला ओल्या सिमेंटचा वास, दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी ठेवलेली तुटकी खुर्ची, सगळं जिथल्या तिथे होतं, पण मघाशी या सगळ्यावर एक पातळ पापुद्रा होता तो कुणीतरी सोलून काढल्यासारखा. रुसलं. किती बरा शब्द. तिनं अकरा वर्षं या गोष्टीला काय काय नावं देऊन बघितली होती: दुरावा, तेढ, स्वभाव, वेळ नाही. आणि हा शब्द घरात रोजचा होता. लहानपणी तीच दर दोन दिवसांनी रुसायची आणि आई ताईला पाठवायची, ‘जा, काढ तिचा रुसवा.’ ताई नुसती शेजारी येऊन बसायची आणि आपलं शिवण नाहीतर निवडण करत राहायची. शेवटी हीच विचारायची, ‘काय करतेस गं?’

तिसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. जाताना कडी घालायचं भान राहिलं नव्हतं. आणि आत, तिच्या स्टुलावर, ताई बसली होती. एक हात मांडीवरच्या पर्सवर, दुसरा पालथा वाटीवर.

‘अजून कोमट आहे,’ ताई म्हणाली. ‘काय शिजवतेयस झाकून? लवकर आले मी, काम आटपलं. दार सताड उघडं, सोनंचांदी पडलेली, आणि तू गायब. बारके, तुला कधी अक्कल...’

‘उचलू नको!’ ती ओरडली. म्हणजे वाटी. पण मोठ्या बहिणीला नको म्हणणं म्हणजे हात धरून कर म्हणणं. ताईनं वाटी उचललीही होती.

कोळशाच्या काळ्या विटेवर अंगठी पडली होती. आणि तिच्यात ते, लाल. चूळ भरून टाकावी तसं सहज, काही झालंच नाही अशा चेहऱ्याचं लाल. ऊन आता टेबलावरून सरकून विटेवर आलं होतं आणि वाटीच्या आतल्या बाजूला एक लाल कवडसा हलत होता.

‘अंगठीच आहे की,’ ताई म्हणाली. ‘एवढं काय ओरडायला झालं? घाबरवलंस.’

ती पुढे झाली, चिमट्यानं अंगठी उचलली, भिंग लावलं. कण होता. सुया होत्या. नवीन तडा एकही नाही. नखं दोन्ही पक्की, ओंजळ जशीच्या तशी. भिंगाची काच धुरकट झाली, आपल्याच श्वासानं, हे तिला नंतर कळलं. मग तिनं जे चार दिवस सुबक जुळवून ठेवलं होतं ते सगळं उलटसुलट सांगून टाकलं: आधी हिरवं झाल्याचं, मग काकांचं, मग कणाचं, आणि अगदी शेवटी, जे पहिल्यांदा सांगायचं ते. ‘ताई, ही काच नाही. खरं माणिक आहे. आई बरोबर होती. मी तेव्हा... मला तेव्हा येत नव्हतं. आणि मला ती अंगठी हवी होती.’

ताईचा चेहरा पडला, पण ज्या दिशेनं पडेल असं हिला वाटत होतं त्या दिशेनं नाही.

‘खरं आहे?’ ताई म्हणाली. ‘अगं, मग आता काय करू मी?’

‘काय म्हणजे?’

‘मी रोज घालते ना ती. भांडी घासते, कपडे धुते, सगळं तिच्यासकट. तू काच म्हणालीस, मी म्हटलं, चला, सुटले. खरं असतं तर आईसारखी कपाटात ठेवली असती, वर्षातून एकदा बघितली असती. काच आहे ना, मग घाल. गेली तर गेली.’ तिनं डावा हात पुढे केला. करंगळीशेजारच्या बोटावर एक पांढरी, दबलेली रेघ होती, अकरा वर्षांची. ‘चार दिवस बोट उघडं पडलंय तर मेलं काही सुचत नाही.’

साबणाचा थर. टॉवेलचे धागे. तळव्याच्या बाजूनं पातळ झालेलं सोनं, जे तिनं भिंगाखाली बघितलं होतं आणि ज्याचा अर्थ लावायला ती विसरली होती. कपाटातल्या अंगठीची नखं झिजतात कशी, हा प्रश्न दागिने करणाऱ्या बाईला चार दिवसांत एकदाही पडू नये! तिला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना.

‘मला वाटलं, तू रुसलीस,’ ती म्हणाली.

‘मी? मला रुसायला वेळ कुठे होता, घरात दोन म्हातारी आणि एक दहावी. तूच यायची बंद झालीस. मला वाटलं, अंगठी मला मिळाली म्हणून बसलीय फुगून. म्हटलं, बसू दे. फोन करत राहायचं, ऐकते आहे की नाही विचारत राहायचं. तू लहानपणीही अशीच. मागे लागलं की जास्त.’

‘अंगठीसाठीच बसले होते फुगून,’ ती म्हणाली. हे वाक्य काही चांगलं नव्हतं, पण ते तिनं पुढे ढकललं नाही.

‘माहीत आहे,’ ताई म्हणाली. ‘दे इकडे ते भिंग. बघू दे काय आहे ते खरं.’ तिनं भिंग डोळ्याला लावलं, अंगठी जवळ आणली, लांब नेली, मान वाकडी केली. ‘मला माझ्या पापण्याच दिसतायत.’

‘दुसरा डोळा मीट.’

‘मिटलाय. थांब.’ बराच वेळ ती तशीच बसून राहिली. पाठीचा पोक आता आईसारखा दिसत होता. ‘आत काहीतरी आहे गं,’ ती हळूच म्हणाली. ‘लहान. चकाकतंय.’

‘तोच तो. बुडबुडा.’

‘बिचारा.’ ताईनं भिंग खाली ठेवलं आणि अंगठी तळहातावर घेऊन, वजन करावं तशी, जरा वरखाली केली. ‘म्हणजे आता कपाटात का?’

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे छापलेलं होतं. प्रत्येक दागिन्याबरोबर ती एक जाड, खडबडीत कागदाचं कार्ड देते: भांडी घासताना, आंघोळीच्या वेळी व झोपताना दागिना काढून ठेवावा. गठ्ठा समोरच पडला होता. तिनं टवका उडालेली वाटी उचलून त्या गठ्ठ्यावर ठेवली.

‘नखं पाचसहा वर्षं बघायला नकोत,’ ती म्हणाली. ‘पुढे झिजली की ये. त्याआधी आलीस तरी चालेल. चहा टाकते.’

चहा झाला. रिक्षा आज थांबवलेली नव्हती. ताईनं अंगठी रेघेवर चढवली, ती जागच्या जागी बसली, आणि मग सवयीनं दोन्ही कप उचलून ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. ‘राहू दे गं,’ असं हिच्या ओठांवर आलं होतं, कपांसाठी आणि माणकासाठीही. तिनं ते गिळलं. ताईनं नळ सोडला आणि पाठमोरीच, धाकट्या जावेच्या मुलीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. कुठल्याशा परीक्षेचं, कुणी कुणाला काय म्हटलं त्याचं. पाणी वाहत होतं. आणि पाण्यातून, कपाच्या कानाला अंगठी लागून, मधेच एक बारीक आवाज आला.

टक्.

थोड्या वेळानं परत, टक्. ती स्टुलावर बसून होती. पंधरा दिवसांनी एकदा, अकरा वर्षं, तिच्या कानाशी हेच वाजत आलं होतं.

‘ऐकतेयस ना गं, बारके?’ ताईनं मान न वळवता विचारलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘सगळं.’